नऊ मुलं, एक घर: मोठ्या कुटुंबात गृहशिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या घरात चौदा माणसं आहेत. सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, आम्ही दोघं आणि नऊ मुलं. चार माझी, तीन जाऊबाईंची आणि दोन नणंदेची. नणंदबाई आणि त्यांचे यजमान दोघंही फिरतीच्या नोकरीत, म्हणून त्यांची मुलं इथेच वाढतात. सगळ्यांत थोरली सोळा वर्षांची, सगळ्यांत धाकटा अडीचचा. घर पुणे जिल्ह्यात सासवडजवळ, मळ्यात. २०१६ च्या जूनपासून आमची मुलं घरीच शिकतात.

आठवड्याला एखादा तरी फोन येतो. "आम्हीही विचार करतोय, पण घरात आधीच पाच-सहा पोरं आहेत. जमेल का?" काय शिकवता, हे फारसं कोणी विचारत नाही. स्वयंपाक कधी करता, कपडे कोण धुतं, दिवसभर सगळी पोरं अंगाखांद्यावर असताना डोकं ठिकाणावर कसं राहतं, हे विचारतात. प्रश्न अगदी बरोबर आहेत. मोठ्या घरातलं गृहशिक्षण गणितापायी मोडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मोरीत साचलेल्या भांड्यांपायी मोडल्याचं पाहिलं आहे. म्हणून हा लेख जास्त करून घराबद्दलच आहे.

१. आधी कागद

शिकवायला बसण्याआधी एक अख्खा दिवस कागदांना द्या. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या निम्म्या नोंदी शाळाच ठेवते, आपल्याला त्याची जाणीवही नसते. शाळा सोडली की ते काम आपल्याकडे येतं. प्रत्येक मुलाची वेगळी फाइल करा, कडेवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, आणि आत एवढं ठेवा:

- जन्माचा दाखला, मुलाच्या नावासकट. पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन नाव घालून घ्या.
- आधार कार्ड. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. नऊ मुलं असली की कोणाचं तरी राहून जातं, म्हणून तारखा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.
- मूल शाळेत गेलेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत.
- लसीकरणाचं कार्ड.
- रेशनकार्डाची प्रत, मुलाचं नाव चढवलेली.
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो.
- पुढे जातीचा दाखला काढायचा असेल तर वडिलांचा आणि मिळाला तर आजोबांचाही शाळेचा दाखला.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबाबत एक कळकळीने सांगते. आमच्या एका मुलाच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली होती. अंकात एक, अक्षरात दुसरी. आम्ही न वाचता घडी घालून कपाटात ठेवला आणि चार वर्षांनी परीक्षेचा अर्ज भरताना ते लक्षात आलं. दुरुस्तीसाठी आठ महिने खेटे घातले. दाखला हातात पडला की खिडकीपाशी उभं राहूनच वाचा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, शेवटची इयत्ता.

कायद्याचं विचाराल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याचं बंधन तो सरकारवर घालतो. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असंही त्यात म्हटलं आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. गृहशिक्षणाचं नावच त्या कायद्यात नाही. गावातून कोणी चौकशीला आलं तर भांडू नका, चहा द्या आणि मुलांच्या वह्या दाखवा. आमच्याकडे दोनदा आले, दोन्ही वेळा वह्या बघून आनंदाने गेले.

२. दिवसाला तीन खुंट्या ठोका

पहिल्या वर्षी आम्ही वेळापत्रक केलं होतं. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी, असं रंगीत पेनांनी लिहून भिंतीला चिकटवलं. आठ दिवसांत त्याचे तीन-तेरा वाजले. कधी वीज गेली, कधी गाय व्याली, कधी धाकट्याला ताप आला. वेळापत्रक मोडलं की मुलांना वाटायचं दिवसच मोडला, आणि आम्हा दोघी जावांना वाटायचं आपल्याच्याने हे होणार नाही.

आता आमच्या दिवसाला तीनच खुंट्या आहेत. बाकीचा दिवस त्यांना टांगलेला असतो, तो थोडा इकडेतिकडे हलला तरी चालतो.

पहिली खुंटी सकाळी साडेआठची न्याहारी. तिच्या आत अंथरुणं उचललेली, आंघोळी झालेल्या, केर काढलेला. ज्याचं काही राहिलं असेल त्याने ते उरकून मग पाटावर बसायचं. ओरडावं लागत नाही, कारण पोह्यांचा वास ते काम करतो. न्याहारीनंतर बारापर्यंत लिहिण्या-वाचण्याचा वेळ.

दुसरी दुपारची, एक ते तीन. या दोन तासांत घरात मोठ्याने बोलायचं नाही. लहान झोपतात, मधले वाचतात किंवा चित्रं काढतात, मोठे आपला अभ्यास करतात. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी सांगते की बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण हे दोन तास सांभाळा. मोठ्या घरात एकांत मिळत नाही, तो मुद्दाम राखून ठेवावा लागतो. मुलांनाही आणि आपल्यालाही. सुरुवातीला पंधरा मिनिटांपासून सुरू करा, महिन्याभरात दोन तासांवर जाता येतं.

तिसरी संध्याकाळी सातचा परवचा. देवापाशी दिवा, शुभंकरोती, मग पाढे. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मध्ये बसतात आणि मुलं गोल करून. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आईंना अडीचकीही येते. तीनाची दिडकी साडेचार, पाचाची साडेसात, असं म्हणता म्हणता सात वर्षांच्या पोराला अपूर्णांक येतो, आणि आपण काही अवघड शिकलो हे त्याला कळतही नाही. अडीच वर्षांचा धाकटा नुसता ताल धरून डोलतो. तोही शिकतोच आहे.

३. नऊ वर्ग भरवू नका, तीन घोळके करा

सगळ्यांत मोठी चूक हीच होते: प्रत्येक मुलाची इयत्ता ठरवायची, प्रत्येकाचे सगळे विषय मांडायचे, आणि दिवसाला पन्नास तास शिकवायला निघायचं. दोन बायकांना हे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

आमच्याकडे तीन घोळके आहेत. सहा वर्षांपर्यंतचे लहान, सात ते अकराचे मधले, बारापासून पुढचे मोठे. भाषा आणि गणित ज्याच्या त्याच्या चालीने. बाकी सगळं एकत्र, एकाच विषयावर. गेल्या जूनमध्ये पावसाचा विषय होता. प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक केला आणि ओसरीच्या पुढे, उघड्यावर पुरला. लहान पोरं सकाळी पळत जाऊन पाणी किती चढलं ते बोटाने दाखवायची. मधले पट्टी लावून मिलिमीटर वहीत उतरवायचे. मोठ्यांनी आठवड्याची सरासरी काढली आणि मग प्रश्न घेतला की भोर-वेल्ह्याला धो-धो कोसळणारा पाऊस आमच्या पुरंदर तालुक्याच्या पूर्वेला जाईपर्यंत का आटतो. सह्याद्री, वाऱ्याची दिशा, पर्जन्यछाया, हे सगळं त्या एका बाटलीतून निघालं. महिनाभर पुरलं.

मधल्यांना बसून शिकण्याचा वेळ दिवसाला दीड-दोन तास भरपूर होतो. शाळेचे सहा तास घरी भरून काढायला जाऊ नका. एक-दोन मुलांशेजारी बसून शिकवलेला अर्धा तास फार लांब जातो.

साहित्यावर उगाच खर्च करू नका. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे वाचायला मिळतात, आणि आमच्या मधल्या घोळक्याचं निम्मं मराठी त्या अंकांवर झालं आहे. मराठी विश्वकोश आंतरजालावर आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, एकदा मुलांना तिथे नक्की न्या. पाठ्यपुस्तकांचे छापील संच मात्र नऊ घेऊ नका. एक घ्या, जाड खाकी कव्हर घाला, त्यात लिहायचं नाही असा नियम करा. आमचं पाचवीचं गणित आता चौथ्या मुलाच्या हातात आहे.

४. प्रत्येक कामाला एक धनी

"सगळ्यांनी मिळून आवरा" हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार आहे. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. कामाला एकच धनी असतो, तो दर तीन महिन्यांनी बदलतो, आणि तीन महिने ते काम पूर्ण त्याचं. आज-उद्या बदलत राहिलं तर हात बसत नाही, म्हणून तीन महिने.

तीन-चार वर्षांचं मूल चपला जोडीने लावतं, ताटं-वाट्या मांडतं, लसूण सोलतं. सहा-सातचं केर काढतं, कोंबड्यांना दाणे टाकतं, माठ भरतं. आठ-नऊचं धुतलेली भांडी पुसून मांडतं, दळण गिरणीत पोचवतं. दहाच्या पुढे कपडे, भाजी चिरणं, ताक घुसळणं, आणि हिशेब.

हिशेबावर थोडं थांबते, कारण गणित शिकवण्याची याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. दुधाचा धनी सध्या माझा अकरा वर्षांचा मुलगा आहे. आमची गाय आटली की गवळ्याचा रतीब असतो. दिनदर्शिकेवर रोजचं लिटर तो लिहितो, खाड्याच्या दिवशी फुली मारतो. महिना संपला की मांडणी: तीस दिवस, दोन खाडे, राहिले अठ्ठावीस, रोज पाच लिटर म्हणजे एकशेचाळीस, सणाला जास्तीचं घेतलेलं तीन, एकूण १४३ लिटर, साठ रुपयांनी ८५८० रुपये. मग तो गवळीकाकांबरोबर ओट्यावर बसून दोन्ही वह्या पडताळतो. एकदा दोन लिटरचा फरक आला. मी मध्ये पडले नाही. दोघांनी मिळून शोधलं आणि चूक आमच्या वहीत निघाली. त्याने ती खोडून नीट लिहिली, बाजूला तारीख घातली.

एक सांगायचं राहिलं. कामांची वाटणी मुलगा-मुलगी बघून करू नका. आमच्याकडे पोळ्या लाटायला पोरगे बसतात आणि ट्रॅक्टरचं तेल तपासायला पोरी जातात. पहिल्या वर्षी आईंना हे थोडं जड गेलं. आता त्या स्वतःच शेजारणींना कौतुकाने सांगतात की नातवाच्या पोळीला तीन पदर सुटतात.

५. स्वयंपाकघर

घरातला आनंद पुष्कळसा इथेच ठरतो. भूक लागलेली नऊ पोरं आणि काय करायचं ते न ठरलेला ओटा, एवढं पुरे होतं दिवस बिघडायला.

आधी मोजून घ्या. आठ दिवस किती लागतं ते वहीत लिहा. आमचं असं निघालं: सकाळी पंचेचाळीस पोळ्या, त्याला दीड किलो कणीक. किलोला तीस-पस्तीस पोळ्या धरा, लाटणाऱ्याच्या हातावर आहे. रात्री ज्वारीच्या नाहीतर बाजरीच्या वीस भाकरी. किलोभर तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ. महिन्याला पंचेचाळीस किलो गहू, म्हणजे वर्षाला साडेपाच क्विंटलच्या आसपास. हा आकडा कळला की धान्य वर्षाचं एकदम भरता येतं. एप्रिल-मेमध्ये गहू घेऊन कडक उन्हात वाळवायचा, एरंडेलाचा हात फिरवायचा, कोठीत भरताना मध्ये मध्ये कडुनिंबाचा सुकलेला पाला घालायचा. या कामाला आमच्याकडे दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांत सगळी वह्या-पुस्तकं बंद असतात.

वार ठरवून टाका. आमच्याकडे सोमवारी उसळ, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी पिठलं, गुरुवारी फळभाजी, शुक्रवारी आमटीतली फळं म्हणजे वरणफळं, शनिवारी खिचडी-कढी, रविवारी मुलं ठरवतील ते. रोज "आज काय करू" हा विचार करण्यातच अर्धा जीव जातो, तो वाचतो. कडधान्य रविवारी रात्री भिजत पडतं, हे सांगावं लागत नाही. मुलांनाही वार माहीत असतो, म्हणून कुरकुर कमी होते.

आणि तीन डबे कधी रिकामे होऊ देऊ नका. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. भाजणी आम्ही एका वेळी पाच किलो करतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे, प्रत्येक धान्य वेगळं आणि मंद आंचेवर भाजायचं, गार झालं की गिरणीत. ज्या दिवशी काहीच सुधरत नाही त्या दिवशी कांदा चिरून भाजणीत घातला, तव्यावर थापलं, वर लोण्याचा गोळा, की चौदा माणसं जेवतात. मऊ भात-मेतकूट आजाऱ्यालाही चालतं आणि दमलेल्या आईलाही.

पोळ्यांची वेळ सकाळी दहाची. एक जाऊ भाजते, लाटायला दोन मोठी मुलं, आणि परातीत कणीक मळायला एक मधला. दीड किलोची कणीक मळायला अंगात जोर लागतो, तो आणायला पोरं पाढे म्हणतात. सोळा एके सोळाला पाणी, सोळा दाही साठासोला, म्हणजे एकशेसाठला, तेलाचा हात. परातीखाली ओलं फडकं ठेवा, नाहीतर परात गोल फिरत राहते. लहान पोराला गोळा द्या आणि त्याने लाटलेली पोळी, कुठल्याही आकाराची असो, त्याच्याच ताटात वाढा. तो ती शेवटच्या घासापर्यंत खातो.

गॅसच्या टाकीवर लावल्याची तारीख खडूने लिहा. आमची १४.२ किलोची टाकी सतरा-अठरा दिवस जाते. पंधराव्या दिवशी नंबर लावायचा. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर.

६. कपडे आणि वस्तू

हे थोडक्यात. प्रत्येक मुलाला एक रंग द्या. त्या रंगाचा दोरा त्याच्या टॉवेलच्या कोपऱ्याला, पंचाला, पिशवीला शिवून टाका. कपाटं नकोत, प्रत्येकाचा एक उघडा कप्पा हवा, त्याच्या हाताला पुरेल एवढ्या उंचीवर. खुंट्याही तशाच, खाली. मुलाचा हात पोचत नाही अशी वस्तू आपणच उचलत बसतो. नऊ जोड कपड्यांच्या वर प्रत्येकाला काही ठेवू नका. धुणं रोज, दोन दिवसांचं साचलं की डोंगर होतो. घडी ज्याची त्याने घालायची, सहा वर्षांच्या मुलाची घडी वाकडी असली तरी तीच ठेवायची.

७. थोरल्या मुलांवर संसार टाकू नका

या लेखातलं हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मोठ्या कुटुंबात थोरली मुलगी हळूहळू दुसरी आई होते. कोणी तसं ठरवत नाही. ती समंजस असते, तिच्या हाताला वळण असतं, आणि आपण दमलेलो असतो. "जरा याला घे गं", "जरा तिचं वाचन घे गं", असं दिवसातून वीस वेळा होतं.

जाऊबाईंची थोरली तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. ती चिमटे लावत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, आज मला कोणाला काही शिकवायचं नाही." आवाज चढलेला नव्हता. पण चिमटा धरलेला हात थांबला होता. मी विचारलं, "किती दिवस झाले असं वाटतंय?" ती म्हणाली, "दिवाळीपासून." तेव्हा फाल्गुन चालू होता.

त्या रात्री आम्ही चौघं मोठी माणसं बसलो आणि नियम केले. मोठं मूल लहानाला दिवसाला अर्धाच तास शिकवेल, तेही त्याने स्वतः निवडलेला विषय. लहानाचं न्हाणं, भरवणं, झोपवणं ही आईबापाचीच कामं. दुपारी तीन ते पाच मोठ्या मुलांची वेळ, त्या वेळेत त्यांना घरातून कोणी हाक मारायची नाही. आणि आठवड्यातून एक दिवस थोरली सुट्टीवर. तिच्यासाठी माडीवरची छोटी खोली रिकामी करून दिली, आतून कडी लागणारी. ती आता तिथे कपड्यांवर बाटिक करते. लहानांना शिकवायला हल्ली स्वतःहून येते.

तुमच्या घरात थोरलं मूल फार गुणी असेल, कधीच तक्रार करत नसेल, तर आज रात्रीच त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.

८. वाईट दिवसांची सोय आधीच करून ठेवा

एकाला गोवर-कांजिण्यांसारखं काही आलं की ओळीने सगळ्यांना येतं. पाहुणे येतात, बाळंतपण येतं, द्राक्षा-अंजिराच्या तोडणीचे दिवस येतात. अशा दिवसांसाठी आमचं 'छोटं वेळापत्रक' आहे: न्याहारी, दुपारची शांतता, परवचा. अभ्यास नाही. जेवायला मऊ भात नाहीतर थालीपीठ. कोणी एक मोठं माणूस रात्री जाहीर करतं, "उद्या छोटं." त्यात कसलाही अपराधीपणा नाही. गेल्या वर्षी एकूण एकतीस दिवस छोटे होते, मोजलेत आम्ही. मुलं मागे पडली नाहीत.

दर शनिवारी रात्री जेवणानंतर वीस मिनिटं सगळे एकत्र बसतो. प्रत्येकाने एक अडचण आणि एक आवडलेली गोष्ट सांगायची. चार वर्षांच्या मुलीने एकदा सांगितलं की न्हाणीघराची कडी तिला लागत नाही म्हणून ती आंघोळीला टाळाटाळ करते. आम्ही तीन आठवडे तिला आळशी म्हणत होतो. रविवारी सकाळी दिरांनी कडी खाली बसवली.

९. परीक्षा

घाई करू नका, पण बारा वर्षांच्या सुमाराला विचार सुरू करा. दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजे एनआयओएस. १९८९ मध्ये सुरू झालेलं, केंद्र सरकारचं मंडळ, विभागीय कार्यालय पुण्यात आहे. दहावीसाठी वय चौदा पूर्ण लागतं. किमान पाच विषय, त्यांत एक तरी भाषा. माध्यम मराठी घेता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात विषय सुटे सुटे देता येतात. मोठ्या घराला हे फार सोयीचं आहे. आमच्या थोरलीने आधी तीन विषय दिले, सहा महिन्यांनी दोन. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना वीस टक्के गुण असतात. ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. लहान वयात पायऱ्या हव्या असतील तर याच संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या तीन पातळ्या आहेत.

दुसरी वाट राज्य मंडळाची: १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसणं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, मूळ हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जे मूल कधी शाळेत गेलंच नाही त्याला ही वाट अवघड, म्हणून आमच्या धाकट्या सगळ्यांसाठी पहिलीच.

एक खाचखळगा आधीच सांगते. सरकारी शालेय शिष्यवृत्ती परीक्षा मान्यताप्राप्त शाळेतल्या मुलांसाठी असते. मुलाला आशा लावून मग नाही म्हणू नका.

१०. माणसं येऊ द्या

"मुलं माणसांत कशी मिसळणार?" हा प्रश्न चौदा माणसांच्या घराला विचारला जातो तेव्हा उत्तर सोपं वाटतं, पण आपलीच माणसं म्हणजे सगळी माणसं नव्हेत. मुलांना परकी माणसं हवीत. आमची मोठी आठवड्यातून दोनदा गावात कबड्डीला जातात, एक जण सुताराकडे बसतो. देशभरच्या गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांची 'स्वशिक्षण' नावाची संघटना आहे, तिच्या ओळखीतून कुटुंबं राहायलाही येतात.

आणि आमच्याकडे पालखी येते. माउलींची पालखी दिवे घाट चढून आली की सासवडला दोन मुक्काम करते. एक दिंडी दरवर्षी आमच्या मळ्यात उतरते, पन्नास-साठ वारकरी. त्या दोन दिवसांसाठी मुलांची तयारी पंधरा दिवस आधी सुरू होते. पिठाचा हिशेब मधले करतात: माणशी दोन भाकरी, दोन वेळा, दोन दिवस. मोठ्या मुली मोबाइल चार्जिंगची पाटी आणि चिठ्ठ्या तयार करतात, म्हणजे फोनांची अदलाबदल होत नाही. लहान पोरं आलेल्यांच्या पायांवर पाणी घालतात आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन फिरतात.

नणंदेचा आठ वर्षांचा मुलगा महाराष्ट्राचा नकाशा पुठ्ठ्यावर लावून ओसरीत बसतो. येणाऱ्या प्रत्येकाला गाव विचारतो, जिल्हा विचारतो आणि टाचणी टोचतो. परभणी आणि हिंगोलीत आता टाचण्यांना जागा उरलेली नाही. गेल्या वर्षी एका आजीबाईंनी आपला तालुका नकाशात स्वतः शोधला आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. गडचिरोलीचं मात्र अजून कोणी आलेलं नाही. लाल डोक्याची एक टाचणी त्याने त्यासाठी डबीत वेगळी काढून ठेवली आहे.